कंडक्टरबाई कशी उभी राहायची

धम्मशीला नांदुरा–सोनाळा गाडीवर कंडक्टर. इतकी वर्षं त्या गाडीवर काढली, पण गाडी चालू असताना तिनं दांडा धरलेला कुणी पाहिला नव्हता. पूर्णेच्या पुलाआधीच्या उतारावर माणसं एकमेकांच्या अंगावर जायची, जळगाव जामोदच्या पुढं रस्ता खराब लागला की पोरंसोरं सीटवरून खाली यायची, पण ही मधल्या वाटेत मेढ रोवल्यासारखी उभी. एका हातात मशीन, दुसऱ्या हातात नोटा, आणि तोंडात पुढच्या थांब्याचं नाव.

हे तिला शिकवलं होतं एका जुन्या कंडक्टरनं, नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात. तो म्हणाला होता, "बाई, दोन्ही हात कामाचे. दांडा धरून उभी राह्यशीन तं तिकीट काय दातानं फाडशीन?" तिनं ते मनावर घेतलं. गाडीत अंग सावरायला सीटच्या कडेला टेकायचं, उजवं पाऊल बाहेरच्या बाजूला फिरवून घट्ट रोवायचं, कंबर पुढं काढायची आणि सगळा भार त्या एका पायावर सोडून द्यायचा. असं उभं राहिलं की अंगाला कष्ट पडत नाहीत. पण आपण असे उभे राहतो हे तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. आपण श्वास कसा घेतो हे कुठं ठाऊक असतं?

ती मूळची साखरखेर्ड्याकडची. वडील सहदेव लोकांच्या शेतावर मजुरीला जायचे. बारावी झाली, लग्न होऊन नांदुऱ्याला आली. नवरा रवी पाण्याच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून देतो, स्टेशन रोडला छोटं दुकान आहे. कंडक्टरची जागा निघाली तेव्हा रवीनंच अर्ज आणून दिला. नोकरीचा कागद आला त्या दिवशी सासूनं, जनकाबाईनं, तो आधी बुद्धाच्या मूर्तीपुढं ठेवला आणि मग गल्लीत दाखवत फिरली.

धम्मशीलाला गाडी का आवडायची हे ती कुणाला सांगायची नाही. पण ज्या गावात तिचे वडील लोकांच्या ओट्याखाली उभे राहून बोलायचे, तसल्याच गावांतून तिची गाडी जायची, आणि तिनं "पुढं सरका" म्हटलं की मोठा असो की लहान, माणूस पुढं सरकायचा. एवढंच. पगार तर टेबलावर बसूनही मिळतोच.

तिच्या उभं राहण्याची पक्की माहिती गाडीत एकाच बाईला होती. तिचं नाव वच्छलाबाई, सोनाळ्याची म्हातारी. घरच्या मळ्यातली विड्याची पानं ओल्या फडक्यात गुंडाळून, टोपलीत घालून ती आठवड्यातून दोनदा नांदुऱ्याला आणायची. तिची जागा ठरलेली, दारापासून तिसरं सीट, वाटेच्या बाजूचं. टोपली पायाशी. आणि धम्मशीलाचं उजवं पाऊल नेमकं त्या टोपलीला लागायचं.

"ओ बाई, पाय काढ! माह्यी पानं चेंगरतात."

"आजी, टोपली सीटाखाली सरकवा ना."

"सीटाखाली दम कोंडते पानायचा. तुह्या पायाचं काय, तो कुठीबी राहीन."

"अर्ध्या तिकिटात पूर्ण सीट, अन् वरून टोपलीले जागा!" ड्रायव्हर भागवत पुढून ओरडायचा. "आजी, टोपलीचं तिकीट काढा आता."

"तू समोर पाह्य बे!" वच्छलाबाई म्हणायची. "चौदा माणसायचा जीव तुह्या हातात हाये, अन् कान इकडं."

गाडीत साठ माणसं असली तरी तिच्या तोंडी चौदाच यायची. अशी भांडणं कैक वर्षं चालली. नांदुऱ्याला उतरताना म्हातारी एक पान काढून धम्मशीलाच्या हातावर ठेवायची आणि निघून जायची.

मग दुखणं सुरू झालं. आधी नुसती चमक. गाडीतून खाली उतरताना, पाय मागं राहिला की यायची. मग आतून कट् असा आवाज यायला लागला, आणि पाय आता निसटतो की काय असं वाटायचं. दुखायचं ते जांघेत, पुढच्या बाजूला, खोल. रवी तिला दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरांनी विचारलं, "कुठं दुखतं?" रवी बाजूला उभा, कंपाउंडर समोर उभा. धम्मशीलाचा हात गेला तो कमरेवर गेला.

आपल्याकडच्या बाईला पोट दुखलं सांगता येतं, डोकं दुखलं सांगता येतं. जांघेत दुखतं हे परक्या पुरुषाला कसं सांगावं? कंबर म्हटलं की सगळं त्यात आलं असं तिला वाटलं. डॉक्टरांचा दोष नाही. बाई जिथं हात ठेवील तिथंच ते पाहणार. त्यांनी पाठीच्या मणक्यांचा फोटो काढला, तो चांगला आला. पट्टा दिला, गोळ्या दिल्या, पुढं पाठीत इंजेक्शनं झाली. एका बाईनं तेल लावून पाय ओढून पाहिला, त्यानंतर तर चार दिवस तिला जिना चढता आला नाही. अशी दीड-दोन वर्षं गेली.

डेपोत कुजबुज सुरू झाली. "फोटो साफ येते अन् बाई लंगडून राह्यली. टेबलाची ड्युटी पाह्यजे असन." हे तिच्या कानावर आलं तेव्हा तिला रडू आलं. कारण टेबल तिला नकोच होतं. तिला भीती होती ती नेमकी त्याचीच, की एक दिवस साहेब म्हणतील, तुमच्यानं गाडी होत नाही, बसा आता आत.

दसऱ्याच्या आधीची गोष्ट. सोनाळ्याहून परतताना, टुनकीच्या पुढं, गाडीसमोर बकरी आडवी आली. भागवतनं ब्रेक दाबला. धम्मशीलाचा उजवा पाय रोवलेला होता, अंग वळलं, पाय तिथंच राहिला. कट्. पाय तिच्या ताब्यातून गेला आणि ती सरळ वच्छलाबाईच्या टोपलीवर कोसळली. पानं सगळ्या गाडीत.

"मेली माह्यी पानं!" म्हातारी ओरडली. मग तिनं खाली पाहिलं आणि पानं विसरली. गाडी थांबली होती. माणसं पानं गोळा करत होती. वच्छलाबाईनं धम्मशीलाला आपल्या सीटवर बसवलं आणि कानाशी तोंड नेलं.

"कुठी दुखते वं?"

"कमरेत, आजी."

"तुहा हात कमरेले नोहता. मी पाह्यलं ना. कमर तिथी असते का?"

धम्मशीलानं जांघेवरचा हात पटकन उचलला.

"डाक्टरले सांगतलं का खरं?"

"कसं सांगू आजी? माणूस डॉक्टर हाये. अन् हे बाजूले उभे राह्यतात."

"हात माये!" म्हातारीनं कपाळावर हात मारला. "म्हंजे पाय मोडला अन् इंजेक्शन पाठीले? आता कधी जाऊन राह्यली दाखवाले?"

"शनवारी. खामगावला. नागपूरचे एक डॉक्टर येतात महिन्यातून एकदा."

"मी येतो."

"तुम्ही कायले आजी?"

"तू शरमशीन. मले आता कायची शरम राह्यली?"

आणि ती खरंच आली. शनिवारी खामगावच्या दवाखान्यात रवी, धम्मशीला आणि डोक्यावर पदर घेतलेली वच्छलाबाई अशी तिघं जण बाकावर बसली. डॉक्टरचं नाव प्रज्वल, वय चाळिशीच्या आतलं, बोलणं हळू. त्यांनी विचारलं, "कुठं दुखतं, ताई?"

धम्मशीलाचा हात पुन्हा कमरेकडं निघाला. वच्छलाबाईनं तो मनगटाला धरला.

"डाक्टरसाहेब, खोटं बोलून राह्यली ते. जांघेत दुखते तिच्या, अथी समोरून, अन् आतून कट् वाजते. दोन वरीस झाले, कोनाले सांगे ना."

रवीनं बायकोकडं पाहिलं. "मले तरी सांगाचं," एवढंच तो म्हणाला. धम्मशीला मान खाली घालून बसली होती, पण छातीवरचा दगड कुणीतरी उचलल्यासारखं तिला झालं होतं.

डॉक्टरांना हसू आलं नाही. त्यांनी मान डोलावली आणि विचारलं, "काम काय करता?" कंडक्टर म्हटल्यावर ते म्हणाले, "गाडीत कशा उभ्या राहता ते दाखवा."

ती उठली आणि झेंड्याला सलामी द्यावी तशी ताठ उभी राहिली.

"असं?"

"हाव, असंच."

"अजिबात नाही!" वच्छलाबाई बाकावरून उठली. "अशी राह्यली असती तं माही पानं कायले चेंगरली असती? पाहा साहेब, अशी राह्यते ते." आणि सत्तरीच्या त्या म्हातारीनं दवाखान्याच्या मधोमध कंडक्टर करून दाखवला. टेबलाला पाठ टेकवली, कंबर पुढं काढली, उजवं पाऊल पार बाहेर फिरवलं, एका हातानं हवेत मशीन दाबलं आणि नाकातून आवाज काढला, "चला, पुढं सरका, पुढं सरका!"

दारातली नर्स हसायला लागली. रवी हसला. धम्मशीलालाही हसू आवरेना. "आजी, मी अशी दिसते?"

"याच्यापेक्षा वंगाळ दिसते तू."

डॉक्टर मात्र त्या पावलाकडं बघत होते. "किती वर्षं?"

"बारा-तेरा."

त्यांनी तिला टेबलावर झोपवलं, उजवा पाय कडेवरून खाली सोडला आणि पाऊल हळूच बाहेर फिरवलं. धम्मशीलानं टेबलाची कड घट्ट धरली. "नको, नको! निसटते!" डॉक्टरांनी लगेच पाय वर घेतला. म्हणाले, "सापडलं."

मग त्यांनी समजावून सांगितलं. खुबा म्हणजे वाटीत बसलेला गोळा. तो वाटीत राहावा म्हणून पुढच्या बाजूनं एक जाड पट्टा बांधलेला असतो, कमरेच्या हाडापासून मांडीच्या हाडापर्यंत. अंगातल्या सगळ्या पट्ट्यांत दणकट तो. कंबर पुढं काढून, पाऊल बाहेर फिरवून उभं राहिलं की स्नायू सुट्टीवर जातात आणि अंगाचा भार त्या पट्ट्यावर टांगला जातो. म्हणून तसं उभं राहणं सोपं वाटतं. एका पायावर उभं राहिलं तर खुब्यावर अंगाच्या अडीच-तीन पट जोर येतो, आणि चालत्या गाडीत त्यात दर खड्ड्याला एक हिसका.

"टेम्पोवर माल बांधतात तो दोर पाहिलाय ना?" डॉक्टर म्हणाले. "एका हिसक्यानं तुटत नाही. पण रोज हिसके बसले तर सैल पडतो, आणि मग आतला माल हलायला लागतो. तुमची वाटी जन्मापासूनच जरा उथळ दिसते, त्यामुळं दोरावर जास्त भिस्त होती. साध्या फोटोत हाड दिसतं, दोर दिसत नाही."

"मंग हे नाटक नोहे?" रवीनं विचारलं. त्याला डेपोतलं बोलणं माहीत होतं.

"नाटक करून कुणाला असं घाबरता येत नाही," डॉक्टर म्हणाले.

धम्मशीलानं विचारलं ते एकच. "मी गाडीवर परत उभी राहीन का?"

"आधी व्यायाम करून पाहू. आत्ताच शब्द देत नाही."

तीन महिने तिनं व्यायाम केला. मांडीत जोर आला, पण कट् वाजणं आणि निसटणं राहिलंच. मग सांध्यात औषध सोडून मोठ्या मशीनमध्ये फोटो काढला. त्यात पट्टा पातळ झालेला आणि एका जागी फाटलेला दिसला. ऑपरेशन नागपूरला ठरलं. नांदुऱ्याहून रेल्वेत बसताना जनकाबाईनं तिच्या मनगटाला पांढरा दोरा बांधला आणि म्हणाली, "विहारात रक्षणाचा परित्राण पाठ करून आनला हाये. सोडू नको."

डॉक्टरांनी तिच्याच मांडीच्या बाहेरच्या बाजूनं एक पट्टी काढली, ती दुमडून जाड केली आणि फाटलेल्या जागी वाटीच्या काठाला नि मांडीच्या हाडाला बांधली. शुद्धीवर आल्यावर हे ऐकलं तेव्हा तिला कितीतरी वेळ त्याचंच नवल वाटत राहिलं. अंगातली एक जागा दुसरीला देते, मागावं लागत नाही, उपकार सांगत नाही. आपण आपल्या पायाला कधी काही म्हटलं नव्हतं. इतकी वर्षं तो रोवून धरला, आणि तो निमूट उभा राहिला.

वॉर्डात सत्यभामाबाई नावाची आया होती. पाऊल झोपेत बाहेर फिरू नये म्हणून रोज संध्याकाळी ती दोन्ही पायांत उशी घालून वरून हलकी पट्टी बांधायची. "वळशीन तं बग," म्हणायची. "सगळी मेहनत पान्यात." सहाव्या आठवड्यात तपासणीला गेल्यावर डॉक्टरांनी विचारलं, अजून कुठं दुखतं का, तेव्हा धम्मशीलानं कुणाकडंही न बघता सांगितलं, "जांघेत थोडं ओढतं, आणि मांडीच्या टाक्यापाशी." नर्सनं लिहून घेतलं. आभाळ कोसळलं नाही.

कुबड्या सुटल्या, पण सहा महिने मांडी घालायची नाही असं बजावलेलं. पौर्णिमेला विहारात सगळे खाली बसलेले, आणि ही मागं खुर्चीवर. वयानं मोठी माणसं खाली असताना आपण उंच बसलो म्हणून तिचे कान तापले. ती उठायला लागली तशी पुढच्या रांगेतून जनकाबाई वळली. "बस वं. बुद्धाले खुर्चीचा राग येत नाही." सगळा विहार हसला. मग वंदना सुरू झाली. त्या दिवशी तिनं काही मागितलं नाही. कुणाकुणाचे आभार मानायचे त्यांची नावं एकेक आठवत राहिली, आणि वंदना संपली तरी तिची नावं संपली नव्हती.

उभं राहायला मात्र नव्यानं शिकावं लागलं. पाऊल सरळ, गुडघा किंचित सैल, भार दोन्ही पायांवर, पोट आत. सगळं काम स्नायूंनी करायचं, पट्ट्यावर टांगायचं नाही. आधी पाच मिनिटांत मांड्या थरथरायच्या. घरी रवी प्रवासी व्हायचा. ती उशीवर उभी, हातात जुना मोबाईल मशीन म्हणून.

"एक फुल सोनाळा," रवी म्हणायचा आणि खांद्याला धक्का द्यायचा.

"सुट्टे द्या."

"सुट्टे नाहीत." पुन्हा धक्का.

"मग उतरा खाली!"

"बायकोनं नवऱ्याले गाडीतून उतरवलं," तो स्वयंपाकघराकडं ओरडायचा, "पाह्य वं माय!"

मधल्या काळात डेपोनं तिला टेबलाचं काम दिलं होतं. साहेबांनी चांगुलपणानंच दिलं, तिनं ते मनापासून केलं. पण दर तासाला बाहेर डबल बेल वाजली की तिची मान वर व्हायची. नऊ महिन्यांनी डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं की गाडीवर जाता येईल. खाली दोन अटी होत्या. चालत्या गाडीत एक हात दांड्यावर, आणि जमेल तितकी तिकिटं गाडी सुटायच्या आधी.

भागवतनं कागद वाचला. "म्हंजे तुम्ही बेल देस्तोवर मी हालायचं नाही?"

"नाही, भागवतभाऊ."

"घरी बायको, इथी तुम्ही," तो म्हणाला. "मले काय, सवय हाये."

पहिल्या दिवशी नांदुऱ्याला थांब्यावर तिनं दाराशी उभी राहून तिकिटं दिली. गाडी आठ मिनिटं उशिरा सुटली. पुढच्या थांब्यावर एक नवा माणूस कुरकुरला, "बाई, काऊन सोडत नाही गाडी? पह्यले तं अंदर तिकीट भेटे." तिला उत्तर द्यायची गरजच पडली नाही. रोजची चार माणसं एकदम बोलली. "ऑपरेशन झालं बाईचं." "रांगेत ये ना भाऊ, तुले का पान टाकलं हाये?" गाडीचा दांडा हातात थंडगार लागत होता. पूर्णेच्या पुलापाशी गाडी हलली, अंग हललं, आणि खुबा जिथल्या तिथं राहिला. तिनं मनातल्या मनात नमो बुद्धाय म्हटलं आणि पुढच्या बाईला विचारलं, "कुठं जायचं?"

सोनाळ्याला अर्धा तास गाडी थांबते. वच्छलाबाई दोन महिने गाडीला दिसली नाही, असं भागवत म्हणाला होता. थंडीत पानं कमी. धम्मशीलानं भागवतला सांगितलं आणि ती चालत निघाली. इतकी वर्षं त्या म्हातारीला नेलं-आणलं, पण तिचं घर पाहिलं नव्हतं. विचारत विचारत गेली. वच्छलाबाई अंगणात तांदूळ निवडत बसली होती.

"राम राम आजी."

"अवं बाई! टोपली नसली तं तू घरापर्यंत येते काय?" म्हातारी उठली, आतून स्टूल आणलं, चहाला सुनेला हाक मारली. धम्मशीला स्टुलावर बसली. वाटेत बरंच काही ठरवून आली होती, पण तोंडातून एकच निघालं.

"आजी, तुमच्यामुळं मी उभी हाये."

"माह्यामुळं कायची? मी तं तुही चुगली केली डाक्टरपाशी." म्हातारीनं डोळे बारीक केले. "चाल बरं, त्या तुयशीपर्यंत जाऊन ये."

धम्मशीला तुळशीपर्यंत गेली, वळली, परत आली. वच्छलाबाई गाय विकत घेताना पाहावी तशी तिच्या पायाकडं पाहत होती.

"हां. पाय सिधा पडून राह्यला. निरा जाड झाली तू."

"बसून होते ना आजी."

चहा झाला. कपातला शेवटचा घोट घेता घेता म्हातारीनं विचारलं, "उद्या याच गाडीवर हाये का?"

"हाव."

"परवा?"

"परवाबी."

"मंग मी परवा येतो," वच्छलाबाई म्हणाली. "शेगावले जाचं हाये दर्शनाले. दोन महिने झाले म्हनून राह्यली, पन तू नोहती, अन् तुह्या गाडीवर तो नवा कंडक्टर. म्हाताऱ्या मानसाले चढू देते का तो धड?"

थांब्याकडून भागवतचा हॉर्न वाजला. धम्मशीलानं कप खाली ठेवला, वाकून म्हातारीच्या पायांना हात लावला. वाकताना खुबा बोलला नाही. गाडीपाशी बारा-पंधरा माणसं उभी होती. ती दाराशी गेली, दोन्ही पावलं सरळ ठेवली आणि मशीन काढलं.

"चला, एकेक जण. खालीच तिकीट घ्या, मग वर."

सगळी वर चढली. मग तिनं दांडा धरला आणि डबल बेल दिली.